सेल पाहून पार्ट घेऊ नका

फुल सस्पेन्शन माउंटन सायकल स्वतः जुळवायची असं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांना पहिलंच सांगणं: सध्या काहीही विकत घेऊ नका. अर्ध्या किमतीतला फोर्क दिसेल. एखादा मित्र म्हणेल, ‘चाकं काढून टाकतोय, घेतोस का?’ कुठल्याशा साइटवर डिरेलरवर सूट लागेल. लागू द्या. फ्रेम ठरत नाही तोवर यातलं काय तुमच्या कामाचं आहे हे कुणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्याला तर नाहीच. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटं करतात. स्वस्तात मिळालेले पार्ट आधी कपाटात जमतात, मग त्यांना बसेल अशी फ्रेम शोधत माणूस फिरतो. म्हणजे खिडकीचं माप न घेता ग्रिल करून आणायची आणि नंतर भिंत फोडायची.

त्याच्याही आधी एक रोखठोक गोष्ट. पैसे वाचवायला म्हणून सायकल जुळवणार असाल, तर जुळवू नका. कंपनी फोर्क, ब्रेक, गिअर हजारोंच्या संख्येनं उचलते, तुम्ही एकेक घेता. त्यात आपल्याकडे चांगला माल बहुतेक बाहेरून येतो, त्यामुळे कस्टम ड्यूटी आणि कुरिअर प्रत्येक खोक्यावर वेगळं बसतं. त्याच दर्जाची तयार सायकल जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. जुळवण्याला अर्थ आहे तो वेगळ्या कारणांनी: वॉरंटीत नवी फ्रेम मिळाली, चांगली फ्रेम सेकंडहँड हाती आली, तुमच्या उंचीला तयार सायकलींचं सेटिंग जमत नाही, किंवा तुम्हाला हे काम मनापासून आवडतं. शेवटचं कारण पुरेसं आहे, पण त्याला बचत म्हणू नका.

माउंटन सायकलचा जन्मच जुळवाजुळवीतून झाला, असा युक्तिवाद मंडळी करतात, आणि तो खरा आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली वगैरे पोरं श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली माउंट टॅमलपायसच्या उतारावरून सोडायची. १९७६मध्ये त्यांनी त्याच परिसरात शर्यत सुरू केली. तिचं नाव ‘रिपॅक’, कारण एका उतारात मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. मोटरसायकलच्या ब्रेक लिव्हरपासून टूरिंग सायकलच्या क्रँकपर्यंत जे मिळेल ते त्यांनी लावलं. पण त्यांच्या सायकलींना मागे शॉक नव्हता, डिस्क नव्हती, बारा गिअरची कॅसेट नव्हती. जे बसेल ते बसवलं की काम भागायचं. आज एकसारख्या दिसणाऱ्या दोन हबमध्ये ६ मिलीमीटरचा फरक असतो आणि त्या ६ मिलीमीटरमुळे चाक फ्रेममध्ये जात नाही.

म्हणून फ्रेम ठरली की एक कागद घ्या. मोबाइलमध्ये नको, कागदच घ्या, कारण दुकानात, गॅरेजमध्ये, ग्रीसच्या हातानं तोच उपयोगी पडतो. फ्रेम बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातून आकडे उतरवा: मागच्या एक्सलची रुंदी, हेडट्यूबचा प्रकार, बॉटम ब्रॅकेटचा प्रकार, सीटट्यूबचा आतला व्यास, शॉकची दोन्ही मापं आणि तो कसा बसतो, किती ट्रॅव्हलपर्यंतचा फोर्क चालतो, किती रुंदीचं टायर बसतं, मागच्या ब्रेकचा माउंट आणि किमान डिस्क, डिरेलरचा हँगर. जुनी फ्रेम असेल आणि पत्रक मिळत नसेल, तर व्हर्नियर कॅलिपर घेऊन मोजा. व्हर्नियर नसेल तर तो पहिला घ्या. या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त पैसे वाचवणारी वस्तू तीच. कागदावर नसलेला पार्ट कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही.

यात सगळ्यांत जास्त गफलत शॉकमध्ये होते, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

शॉकवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २१०×५५. पहिला आकडा म्हणजे शॉक पूर्ण उघडा असताना एका टोकाच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुसरा म्हणजे तो किती मिलीमीटर दबतो, त्याचा स्ट्रोक. पहिल्या आकड्यात तडजोड अजिबात नाही. शॉकचा प्रत्येक मिलीमीटर मागच्या चाकाशी अडीच-पावणेतीन मिलीमीटर होऊन पोचतो. समजा फ्रेमला २१०चा शॉक लागतो आणि तुम्ही जुना २००चा लावला, बोल्टही बसले. आता सायकल उभी असतानाच मागची बाजू अडीच सेंटिमीटर खाली गेलेली असते, बॉटम ब्रॅकेट दीड सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो, आणि पहिल्याच दगडावर पेडल आपटतं. तुम्ही बसल्यावर वजनानं होणारा सॅग तर अजून धरलेलाच नाही.

दुसऱ्या आकड्याचा मोह वेगळा. १३० मिलीमीटर ट्रॅव्हलच्या फ्रेमला २१०×५० शॉक आहे, म्हणजे गुणोत्तर २.६. २१०×५५ लावला की ५ गुणिले २.६, तेरा मिलीमीटर ट्रॅव्हल फुकट मिळाली असं वाटतं. काही फ्रेममध्ये खरंच मिळते. एकाच साच्याची फ्रेम दोन मॉडेलांत विकताना उत्पादकच स्ट्रोक बदलतात. काहींमध्ये मात्र पूर्ण दबल्यावर टायर सीटट्यूबला घासतं किंवा लिंक फ्रेमवर आपटते. हे घरी तपासता येतं. शॉकमधली सगळी हवा सोडा, चाक आणि टायर लावून मागची बाजू हातानं शेवटपर्यंत दाबा आणि प्रत्येक जागी किती फट उरते ते पाहा. मागे हवेची छोटी टाकी असलेला शॉक असेल तर ती टाकी कुठे टेकत नाही ना, हेही याच वेळी बघा. उत्पादक नाही म्हणत असेल तर तिथेच थांबा; वॉरंटी तर जातेच, पण फ्रेमला तडा जाण्याची जागाही तीच असते.

२०१६च्या सुमारास शॉकची मापं मेट्रिक झाली. त्याआधीची मापं इंचांतली होती, २००×५७ त्यातलंच. त्यामुळे सेकंडहँड बाजारात दोन्ही प्रकार सरमिसळ सापडतात. आणखी एक प्रकार ट्रनियनचा: वरचं टोक एका लांब बोल्टावर न बसता शॉकच्या दोन्ही बाजूंनी थेट बोल्ट जातात. त्याची लांबी त्याच स्ट्रोकच्या साध्या शॉकपेक्षा २५ मिलीमीटरनं कमी लिहिलेली असते, म्हणून २१०×५५ आणि १८५×५५ हे भाऊभाऊ दिसतात. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. माप बरोबर आलं तरी टोकाच्या बुशची रुंदी आणि बोल्टची जाडी वेगळी असू शकते. हे बुश आपल्याकडच्या दुकानांत सहसा नसतात, म्हणून शॉकच्या ऑर्डरसोबतच मागवा. चिमूटभर बुशसाठी सायकल तीन आठवडे स्टँडवर लटकलेली मी बघितली आहे.

फोर्कचं प्रकरण त्यामानानं सरळ आहे, पण सापळा एकच आणि तो मोठा. वापरलेल्या फोर्कची वरची नळी, स्टीअरर, आधीच्या मालकानं त्याच्या फ्रेमच्या उंचीला कापलेली असते. तुमच्या हेडट्यूबची लांबी, हेडसेटचे वरखालचे कप, दोन-तीन स्पेसर आणि स्टेमची उंची यांची बेरीज करा. तेवढा स्टीअरर हवाच. कापलेला स्टीअरर वाढवता येत नाही. विकणाऱ्याला ‘फोर्क कंडिशनमध्ये आहे का’ विचारायच्या आधी ‘स्टीअरर किती मिलीमीटर?’ असं विचारा, आणि टेप लावलेला फोटो मागा.

ट्रॅव्हलबाबत: फ्रेमच्या ठरलेल्या फोर्कपेक्षा दहा मिलीमीटर जास्त चालवून घेतात, पण प्रत्येक दहा मिलीमीटरला हेड अँगल साधारण अर्ध्या अंशानं ढळतो आणि चढावर पुढचं चाक भटकायला लागतं. उत्पादकानं कमाल मर्यादा दिली असेल तर ती ओलांडायची नाही. लांब फोर्क म्हणजे हेडट्यूबच्या जोडावर लांब तरफ. आणि इतकी ट्रॅव्हल हवी कशाला, हाही प्रश्न स्वतःला विचारा. पुण्याच्या टेकड्या, सिंहगडाच्या पायवाटा, महाबळेश्वर-पाचगणीकडची जांभ्याची पठारं इथे उतार असतात, पण चढून जावं लागतं. लिफ्ट नाही, गाडीत टाकून वर नेणारे रोज भेटत नाहीत. माझं मत विचाराल तर मागे १२० ते १४० आणि पुढे १३० ते १५० एवढ्यात बहुतेकांचं भागतं. १७०चा फोर्क पार्किंगमध्ये रुबाबदार दिसतो हे मान्य.

चाकांकडे येऊ. अलीकडच्या बहुतेक ट्रेल फ्रेमना मागे १४८ आणि पुढे ११० मिलीमीटरचा एक्सल लागतो. यालाच बूस्ट म्हणतात. जुनी चांगली चाकं १४२ आणि १०० असतात. अडॅप्टर मिळतात, पण डिस्क आणि कॅसेट दोन्ही सरकवून रिम पुन्हा मध्यावर आणावी लागते. तारा कसणारा तुमचा मेकॅनिक हे मनापासून करणार असेल तरच या वाटेला जा. २९ इंचांचं चाक पुढे आणि साडेसत्तावीसचं मागे अशी जोडीही चालते, पण ज्या फ्रेममध्ये तिची सोय आहे तिथेच. नाहीतर मागची बाजू खाली बसते आणि वरचं शॉकचं दुखणं इथे परत येतं.

हबवर कॅसेट जिथे चढते तो फ्रीहब मात्र नीट समजून घ्या. तीन प्रकार भेटतील. शिमानोचा जुना एचजी, ज्यावर सर्वांत छोटा दाता ११चा. शिमानोचा २०१८पासूनचा मायक्रोस्प्लाइन आणि स्रॅमचा एक्सडी, या दोन्हींवर १०चा दाता बसतो. एकाची कॅसेट दुसऱ्यावर चढत नाही. आता गंमत पाहा: शिमानो डिओरचा बारा गिअरचा सेट १०-५१ आहे आणि त्याला मायक्रोस्प्लाइन लागतो, त्याच डिओरचा अकरा गिअरचा सेट ११-५१ आहे आणि तो तुमच्याकडे पडून असलेल्या एचजी हबवर निमूट बसतो. फरक एका छोट्या दात्याचा. जुनी चांगली चाकं हाताशी असतील तर अकरा गिअरचा डिओर लावा आणि उरलेले पैसे टायरमध्ये घाला. सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगानं पेडल मारायची वेळ या सायकलवर येत नाही.

गिअर बदलणारे तिन्ही अवयव, म्हणजे शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट, एकाच कंपनीचे आणि एकाच कुळातले घ्या. शिमानोचा शिफ्टर केबल जेवढी ओढतो तेवढीच स्रॅमचा ओढत नाही, त्यामुळे मिसळ केली की गिअर कधीच जागेवर बसत नाही. एका कंपनीतही फसगत होते: शिमानोच्या लिंकग्लाइड कुळातला अकरा गिअरचा शिफ्टर नेहमीच्या हायपरग्लाइड अकरा गिअरच्या डिरेलरशी जुळत नाही, खोक्यावर ‘११ स्पीड’ दोन्हीकडे लिहिलेलं असतं. स्रॅमची २०२३मध्ये आलेली थेट फ्रेमला बोल्ट होणारी ट्रान्समिशन तर फक्त यूडीएच हँगरच्या फ्रेमवरच बसते. तुमची फ्रेम यूडीएचची असेल तर आणखी एक सुख, हँगर तुटला तर तोच हँगर अनेक कंपन्यांच्या फ्रेमना चालतो. नसेल तर फ्रेमसोबतच दोन जादा हँगर मागवा. गावात मिळणार नाहीत.

आणि चेन. साध्या सायकलवर मोठा दाता-मोठी चेनरिंग लावून दोन कड्या जास्त ठेवतात, तो हिशेब इथे अपुरा आहे. मागचं सस्पेन्शन दबताना एक्सल आणि बॉटम ब्रॅकेट यांच्यातलं अंतर बहुतेक फ्रेममध्ये वाढतं. म्हणून चेन कापायच्या आधी शॉकची हवा सोडून मागची बाजू पूर्ण दाबून धरा, चेन सर्वांत मोठ्या दात्यावर घ्या, आणि त्या स्थितीत लागेल तेवढी ठेवा. उभ्या सायकलवर माप घेऊन कापलेली चेन पहिल्याच मोठ्या आपटीत डिरेलर उपटून काढते, सोबत हँगर आणि कधी दोन-चार तारा.

क्रँक आणि बॉटम ब्रॅकेट पटकन उरकतो. आटे असलेला ७३ मिलीमीटरचा बॉटम ब्रॅकेट असेल तर नशीबवान समजा; उजवीकडचे आटे उलटे असतात एवढं लक्षात ठेवा. शिमानोच्या क्रँकचा दांडा २४ मिलीमीटरचा, स्रॅम डबचा २९च्या जवळ, काहींचा ३०. बॉटम ब्रॅकेट दांड्याच्या मापाचा घ्या. बूस्ट फ्रेमला ५२ मिलीमीटरची चेनलाइन साधारण योग्य, काही नव्या सेटना ५५ लागते, पत्रक पाहा. क्रँकची लांबी १६५ किंवा १७०. दगडाळ वाटेवर १६५ला पेडल कमी आपटतं.

ड्रॉपर सीटपोस्टमध्ये लोक फक्त व्यास पाहतात. व्यास महत्त्वाचा आहेच: ३०.९, ३१.६ आणि ३४.९ हे नेहमीचे, बारीक पोस्ट जाड नळीत शिम लावून बसतो, उलट नाही. पण फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये सीटट्यूब सरळ खालपर्यंत क्वचितच जाते. मध्ये वळण असतं किंवा लिंकचा बोल्ट आडवा असतो. म्हणून नळीत एक बारीक काठी घालून ती कुठे अडते ते मोजा. तेवढ्या खोलीत पोस्टचा खालचा भाग आणि केबलचं टोक दोन्ही मावले पाहिजेत. नाहीतर १७०चा पोस्ट घेऊन तो सहा सेंटिमीटर बाहेर राहतो आणि सीट तुमच्यापेक्षा उंच माणसासाठी होते.

ब्रेकमध्ये दोन गोष्टी. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो खनिज तेलावर चालतात. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट द्रवावर, पण २०२४पासूनच्या मेव्हनमध्ये खनिज तेल आहे. नावावर जाऊ नका, लिव्हरच्या झाकणावर काय छापलंय ते वाचा, कारण चुकीचा द्रव भरला की आतली रबरं फुगतात आणि ब्रेक संपतो. दुसरी गोष्ट खास आपली. मोटरसायकल आणि स्कूटरमुळे आपला उजवा हात पुढच्या ब्रेकला सवयीचा आहे. बाहेरून आलेले सेट बरेचदा डावा-पुढे असे भरलेले असतात. फ्रेमच्या आतून नळी ओवायच्या आधी कुठला लिव्हर कुठल्या हाताला हे ठरवा. उतारावर घाबरल्यावर हात विचार करत नाही.

फ्रेमची किमान डिस्क १८० असेल तर १६० लावता येत नाही. मोठी लावायची तर बरोबर अडॅप्टर लागतो, आणि शिमानोची २०३ व स्रॅमची २०० ही मापं एक समजू नका.

टायरची कमाल रुंदी २.५ लिहिली असेल तर आपल्याकडे २.४ लावा. ते आकडे कोरड्या हवेतले असतात. जुलैत सह्याद्रीचा चिखल टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत बसला की चाक फिरायचं थांबतं. बसाल्टच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात, म्हणून बाजू जाड असलेलं टायर घ्या, दोनशे ग्रॅम जास्त वजनाबद्दल कुरकुर न करता.

पैसे कुठे घालायचे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: फ्रेम, शॉक, फोर्क, हब. हे बदलायला कठीण आणि वर्षानुवर्षं टिकणारे. गिअर, चेन, कॅसेट, पकड, पेडल ही झिजणारी मंडळी, त्यात मधला दर्जा पुरतो. कार्बनचं नावाजलेलं हँडल निम्म्याहून कमी किमतीत दिसलं तर ते नकली समजा आणि पुढे चला. ते मोडतं तेव्हा तुमचे दात त्याच्या बरोबर समोर असतात.

सायकल उभी राहिली की लिंकचे सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं, पत्रकात दिलेल्या न्यूटन-मीटरवर कसा, थ्रेडलॉकर सांगितला असेल तिथे निळा लावून. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. लिंकमधल्या बेअरिंगवर ६९०२ किंवा ६८०० असे नंबर असतात, ते त्याच कागदावर उतरवून ठेवा. हे बेअरिंग पूर्ण फिरत नाहीत, थोडे अंश मागेपुढे डोलतात, त्यामुळे साध्यापेक्षा जास्त गोळ्या भरलेले मॅक्स प्रकारचे टिकतात. पावसाळा संपला की शॉकचा एक बोल्ट काढून मागची बाजू हातानं हलवा. खरखर लागली तर बेअरिंग बदला.

आणि कधी ही सायकल किंवा तिचा एखादा पार्ट विकायला काढलात, तर जाहिरातीत ‘मस्त कंडिशन, फोनवर बोला’ एवढंच लिहू नका. स्टीअररची लांबी, एक्सलची रुंदी, फ्रीहबचा प्रकार, शॉकची दोन्ही मापं, पोस्टचा व्यास आणि घुसणारी लांबी लिहा, व्हर्नियर लावलेला फोटो टाका. कागद तुमच्याकडे आहेच.